डावीकडची घडी

नाही नाही, मग्गा नको, ताई. मग्गा राहू द्या— तिकडं, पार त्या पिंपामागं ठेवा, तिच्या नजरेला नको. हां. आता बसा. वाटीनं घालू आपण, ही आमटीची वाटी आहे ना, हिनं, थोडं थोडं. मला माहितीय टीचर मग्ग्यानंच घालायच्या, तुमची मम्मी आहे, तुम्ही जन्मापासून बघितलंय, हिला नाही पण हिच्या आधीच्या मांजरांना— पण आता ते चालत नाही. आता मग्गा दिसला की ही आक्रसते. बघितलंत? नुसता फरशीवर टेकल्याचा आवाज झाला तर कान मागं गेले. कधीपासून म्हणजे— असंच. थंडीपासून. मांजरांचं काही सांगता येत नाही. तुम्ही पाणी बघा आधी. बोटानं नाही, कोपर बुडवा. गरमही लागायला नको, गारही नको— टीचर म्हणायच्या, 'पाणी आहे की नाही असा संशय यायला हवा.' आला संशय? झालं तर. टब ओळखलात का? तुमच्या केविनचा. नातवाला ज्यात अंघोळ घातली तो टब भंगारवाल्याला कसा द्यायचा म्हणून टीचरांनी ठेवला होता, गुलाबीचा पांढरा झाला तरी. तळाला गोणपाट घातलंय बघा, चौकोनी कापून. नखं रुतवायला काहीतरी लागतं तिला. मांजर पाण्याला नाही हो घाबरत, घसरण्याला घाबरतं— अगं बाई! —काही नाही, काही नाही. शेजारचा कुकर. माझं असंच आहे, कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होतं. हसा तुम्ही. टीचर पण हसायच्या.

घ्या आता तिला. मानगुटीला नाही! एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, बाळाला घेतो तसं. सोडा हळूहळू. आधी मागचे पाय. बघा, उतरली. बघा किती शहाणी. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, मांजर आणि अंघोळीला गप्प. आधी असं नव्हतं. दर शनिवारी अकरा वाजता, खालच्या अंगणात ऊन आलं की टीचर अंगणाचं फाटक लावून घ्यायच्या, मला बघू पण द्यायच्या नाहीत, आणि हिचं सुरू व्हायचं, म्यांव नाही, सरळ गळा काढून, आणि त्याच्यावर टीचरांचा आवाज— 'मिस मिरी, जागेवर बसा! मिस मिरी, कान पुढं करा!' पस्तीस वर्षं वर्ग घेतलेला आवाज, मी इथं वर पुस्तक घेऊन लोळत असले तर मीच उठून सरळ बसायची. शनिवारी दोघींची अंघोळ व्हायलाच हवी, हा नियम. माझ्या अंथरुणात झोपते, म्हणायच्या, रविवारी उपासनेला मांजराचा वास घेऊन गेले तर चर्चचे आमोस पंच मला चपलांजवळ बसवतील. दोन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले, ताई, या एवढ्याशा खोलीत, पण भाडेकरू असा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. रुपाली पण नाही म्हणायच्या. 'वरची' म्हणायच्या. 'वरची, चहा झालाय.' 'वरची, अभ्यास होतोय का झोपा काढतेस?'

कापूस राहिला बघा! कानात कापूस आधी घालायचा असतो, मी बोलत बसले. थोडासाच, दाबायचा नाही. नखं मी काल कापलीत, पुढची पांढरी टोकं तेवढी, गुलाबी दिसलं की थांबायचं. आणि केस आधी विंचरून घ्यायचे, कोरड्या अंगावर, ओले झाले की गुंता सुटत नाही. हे सगळं लिहून दिलंय मी तुम्हाला, त्या वहीच्या कागदावर, टोपलीत घातलंय. तुमच्याकडं पुण्यात फ्लॅट आहे, ऊन येतं का हो बाल्कनीत? ऊन लागतं तिला नंतर. ड्रायर नका लावू. आवाजाला भिते. — गप्प? हो, गप्पच असते. नऊ शनिवार झाले, आजचा दहावा. नऊ वेळा मी अंघोळ घातली, एकदा पण आवाज काढला नाही तिनं. अंघोळीलाच नाही— खायला मागत नाही, दार उघड म्हणत नाही, शेपटीवर चुकून पाय पडला माझा एकदा तर नुसती बघत राहिली. जनावरांच्या दवाखान्यात नेली होती मी. घशात काही अडकलंय का बघा म्हटलं. त्यांनी जबडा उघडून बॅटरी मारून बघितलं, म्हणाले, घसा साफ आहे. मग ओरडत का नाही? तर म्हणाले, ते तिलाच विचारा. विनोद केला त्यांनी. मला काही हसू आलं नाही.

रडू नका ना, ताई. तुम्ही रडलात की हिला कळतं. किती छान बोलला होतात तुम्ही प्रार्थनेच्या दिवशी, मी मागं उभी होते, सगळं ऐकलं. मम्मी तिच्या आवडीचं काम करता करता गेली, मिरीला अंघोळ घालून पुसत होती आणि क्षणात गेली, तिला कळलंसुद्धा नाही— सगळ्यांचे डोळे भरून आले. आणि सगळ्यांना बरंही वाटलं. असं मरण आलं की माणसं घरी जाऊन नीट जेवतात. डॉक्टर पण तेच म्हणाले ना, झटका आला असणार, लगेच गेल्या असणार. असणार. — हो, मीच सांगितलं होतं. शनिवार होता, अकराला अंघोळीचा आवाज आला आणि मग शांत झालं, असं. मीच. वरून ऐकू येतं ना सगळं. — ती बाटली द्या इकडं.

हा मांजरांचाच शाम्पू आहे, आपला चालत नाही, कातडी सुटते त्यांची. एवढाच घ्यायचा, नाण्याएवढा, पाण्यात कालवून मग अंगाला. ही टीचरांचीच बाटली. शुक्रवारी मीच आणून दिली होती, तारकपूर स्टँडजवळ एक दुकान आहे तिथून, म्हणाल्या, 'वास कसला आहे बघू'— पण बूच काही निघेना, सील होतं ना, म्हणाल्या राहू दे, उद्या कात्रीनं काढू. ते मी काढलं मग. पहिल्यांदा मी घातली तेव्हा. — काय? — शनिवारी कशानं घातली मग? जुनी बाटली असेल ना. तळाला राहतोच थोडा, पाणी घालून हलवला की एका वेळेचा निघतो. असेल. — नाही, मला नाही दिसली जुनी बाटली. मोरीत नव्हती. — अहो कचऱ्यात गेली असेल, किती माणसं आली-गेली त्या दिवशी. तुम्ही पाठीवर पाणी सोडा, ताई, मानेपासून मागं, तोंडावर कधीच नाही. तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, आधी डोळ्यांचे कोपरे. बघा, नाकावरचे काळे ठिपके कसे दिसायला लागले. मिरपूड सांडल्यासारखे. म्हणून मिरी. टीचर सांगायच्या, नाव ठेवायला अर्धं मिनिट लागलं, आणि एंजेलाचं, म्हणजे तुमचं, ठेवायला तीन महिने.

हसलात. हसलात की अगदी तशाच दिसता.

साबण सगळा निघायला हवा, चार-पाच पाणी. राहिला की चाटते आणि मग उलट्या. पोटाखाली हात घाला, तिथं राहतो. तोवर किल्लीचं सांगते, सकाळी तुम्ही विचारलीत ना— त्या खिळ्याला आहे, कॅलेंडरमागं. खालच्या दाराची. जाताना घेऊन जा, आठवणीनं घेऊन जा, मला नको आता. मी राहायला आले त्याच महिन्यात दिली होती टीचरांनी. 'वरची, मी एकटी असते. पडले-झडले तर उघडायचं. दार फोडायचं नाही, सागाचं आहे.' आणि हसल्या. मी पण हसले. दोन वर्षं खिळ्याला होती. मी अभ्यासाला बसते ना तिथून समोरच दिसते ती, मान वर केली की कॅलेंडर आणि कॅलेंडरखाली तिचं टोक. आता त्या खिळ्याला हात लागू नये म्हणून मी पानच उलटत नाही. जानेवारीच आहे अजून, बघा.

झालं. उचला. थांबा, तुमचा ड्रेस भिजेल, माझ्याकडं द्या. हा नवा टॉवेल आहे, टीचरांचा नाही, मी आणलाय. आता गुंडाळायचं, ही मुख्य गोष्ट आहे. नुसतं पुसलं तर पळते आणि धुळीत लोळते. गुंडाळून मांडीवर घेतली की दहा मिनिटं हलत नाही. असा तिरका अंथरायचा, चौकटच्या पानासारखा, हिला मधे ठेवायचं, हे खालचं टोक पायांवरून वर. आता डावी बाजू आधी, अशी, अंगाखाली खोचायची. मग उजवी वरून. मग हे डोक्यावर, कुंचीसारखं, नाक तेवढं बाहेर. झालं. बघा कशी बसली—

काय?

उलटं? नाही हो, असंच आहे. — केविनला? हो, केविनला पण अशीच गुंडाळत असतील. — उजवी आधी? — अहो, तुमच्या लक्षात नसेल, किती वर्षं झाली. डावीच आधी होती. मी बघितलीय ना. डावी खाली, उजवी वर, आणि डोक्यावरचं टोक जरा ढिलं होतं, नीट खोचलेलं नव्हतं, हात पोहोचला नसेल—

माझ्याकडं बघू नका असं.

हो, त्या मला बघू द्यायच्या नाहीत अंघोळ. बरोबर आहे. मीच म्हणाले तुम्हाला मघाशी, अंगणाचं फाटक लावून घ्यायच्या, ती पळू नये म्हणून. मी कधी जवळून बघितली नाही. मला मांजराची भीती वाटायची, ताई. आजही वाटते. मला ही घडी कुणी शिकवली नाही. मी ती सोडवली होती. सोडवताना कळतं ना, आधी काय, मागून काय. उलटं लक्षात ठेवायचं.

बसा तुम्ही. नका उठू. हिला मी घेतलीय, ती नाही पळणार. बसा, मी सांगते, मला आज ना उद्या सांगायचंच होतं, तुम्ही टोपली घेऊन दारात उभ्या राहिलात ना सकाळी तेव्हाच मला वाटलं, आता ही जाणार, हिच्याबरोबर ते जाणार आणि मग मी एकटीच. रविवार. माझा पेपर होता, तलाठ्याचा, सकाळी सहालाच बाहेर पडले होते, दीडला परत आले तर फाटकाशी आमोस काका. टीचर उपासनेला आल्या नाहीत, फोन उचलत नाहीत. मी म्हटलं माझ्याकडं किल्ली आहे. त्यांनी दार उघडलं पण आत नाही आले, म्हणाले, बाईमाणसाचं घर आहे, आजारी असतील, कशा असतील, तू आधी जा पोरी. चपला काढून बाहेरच्या ओट्यावरच थांबले. म्हणून मी आत गेले. एकटी. स्वयंपाकघरात होत्या, ओट्याखाली, सिलिंडरजवळ, उजव्या कुशीवर. उजवा हात अंगाखाली पार मुडपलेला. आणि डाव्या हातात ही. गुंडाळलेली. त्या हिरव्या काठाच्या टॉवेलमध्ये, तो सिलिंडरवरच टाकलेला असतो ना हिचा, खालून ओढला तरी हाताला येतो. नाक बाहेर. डोळे उघडे. माझ्याकडं बघत होती. टॉवेल आतून दमट होता, ताई. बाहेरून वाळला होता आणि आतून दमट.

अंघोळ नव्हती झाली. टब मोरीच्या भिंतीला पालथा होता, कोरडा ठणठणीत. बाटलीचं सील तसंच. शनिवारी अकराला खाली काही आवाज आलाच नव्हता. मला आठवतं, कारण मला बरं वाटलं होतं, म्हटलं आज टीचरांनी माझ्या पेपरसाठी सुट्टी दिली मिस मिरीला. तेव्हाच पडल्या असतील का, सकाळीच? मला नाही माहीत. मला फक्त दुपारचं माहितीय.

दुपारी ही वर आली. त्या जाळीतून येते, स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी फाटलीय ना. या दारात बसून रडायला लागली. एक वाजता. मी हाड हाड केलं, गेली. अडीचला परत. तशी कधीच यायची नाही ती वर, तिला माहिती होतं मला आवडत नाही. मी आतून चप्पल मारली दारावर. चारला परत आली आणि मग थांबेचना, लहान मूल रडतं तसं, उं— उं— करून, मी आईला फोन लावला. आमचं गाव पारनेरच्या पुढं. आई म्हणाली, 'दारात मांजर रडतंय? आन् उद्या तुझा पेपर! आगं पानी टाक तिच्यावर, पानी! लई वंगाळ असतंय ते, कुनाला तरी घिऊन जातंय. हाकल आदी.' आमच्याकडं तसंच करतात हो. मांजर दारात रडलं की पाणी फेकायचं, म्हणजे ते टळतं. आजी गेली तेव्हा कुणी फेकलं नव्हतं, हे आई अजून सांगते. मी बीएस्सी झालेय, ताई. मायक्रोबायोलॉजी. आणि मी मग्गा भरला. पिंपातला. जानेवारीचं पाणी, हात बुडवला तर बोटं दुखतील असं. दार उघडलं आणि सगळा, तोंडावरच. तोंडावर.

मांजर भिजलं की अंग झाडतं ना? हिनं नाही झाडलं. अर्धा आवाज निघाला होता तिचा, तो तसाच गिळला, माझ्याकडं बघितलं आणि जिना उतरून गेली. सावकाश. एकेक पायरी. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हो, नक्की. घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवत होते मी, मधला वेळ वजा करायचा म्हणून बघितलं. आणि मग शांत झालं. किती शांत, ताई. माझा अभ्यास इतका छान दोन वर्षांत झाला नव्हता.

म्हणजे तुम्हाला कळतंय ना. ती भिजली चार वाजून दहाला. आणि मग कुणीतरी तिला पुसलं. कुणीतरी सिलिंडरवरचा टॉवेल ओढला, एका हातानं, डाव्या, कारण उजवा चालत नव्हता, आणि तिरका केला, आणि टोक वर घेतलं, आणि डावी आधी, कारण डाव्या हातानं तीच आधी येते, आणि कुंची घातली. किती वेळ लागला असेल? मी करून बघितलंय. फरशीवर आडवं होऊन, उजवा हात पाठीशी धरून. मला उशी घेऊन पंचवीस मिनिटं लागली. उशी हलत नाही. ही थरथरत असेल.

नाही, मी आमोस काकांना हाक नाही मारली लगेच. आधी सोडवली. आधी ते टोक, मग उजवी, मग डावी. टीचरांच्या हाताची बोटं घट्ट नव्हती, नुसती ठेवलेली होती वरून. हिला खिडकीतून सोडली. टॉवेल माझ्या सॅकमध्ये भरला, पेपरची सॅक, हॉल तिकीट होतं त्यात. आणि मग ओरडले, काका! तोवर मी ठरवलं नव्हतं काय सांगायचं. अंघोळीचं आपोआप तोंडातून आलं. शनिवार होता ना. आणि मग तुम्ही आलात, आणि तुम्हाला ते किती— तुम्ही ते धरूनच बसलात. क्षणात गेली, क्षणात गेली. मग मी कशी काढून घेऊ ते तुमच्याकडून?

त्या शनिवारी सहाला फोन तुमचाच होता ना? ऐकला मी. त्यांची रिंग मोठी असते. वाजली, वाजली, थांबली. परत वाजली. मला वाटलं टीचर शेजारी गेल्या असतील. खिळ्याला किल्ली होती समोर. मान वर केली असती तर दिसली असती.

एक राहिलं. हे आईला पण नाही सांगितलं. चारला मी पाणी टाकलं. पाचच्या सुमाराला परत आवाज आला. बारीक. तसाच— उं— उं— पण बारीक. मला वाटलं, आली परत. मी मग्गा भरला आणि दार उघडलं, हात असा वर धरून. जिन्यात कुणी नव्हतं. खालच्या पायरीपर्यंत कुणी नव्हतं. आवाज मात्र येत होता. मी मग्गा धरून उभी राहिले थोडा वेळ आणि आत आले आणि कडी लावली. मांजर नव्हतं ते, ताई. मांजर तर गुंडाळलेलं होतं ना तेव्हा. आणि हिनं मग्ग्यापासून आवाजच काढलेला नाही, तो अर्धा गिळलेला सोडून. मग कोण होतं? — मी रोज पाचला दार उघडं ठेवते आता. थंडी असली तरी. ही येऊन उंबऱ्यावर बसते माझ्या शेजारी, आम्ही दोघी जिन्याकडं बघतो. ती माझ्यावर रागावली असती ना, बोचकारलं असतं, तर बरं झालं असतं. ती येऊन अंगाला टेकते. आणि मला ते सारखं डोक्यात येतं— ओलं मांजर आलं अंगाशी, पाऊस नाही काही नाही, जानेवारीत, मग पाणी कुठलं? टीचर हुशार होत्या. वर एकच माणूस राहतं. वरची घरात आहे, हे त्यांना कळलं असणार. वरची जागी आहे. आणि तरी त्यांनी आधी हिला पुसलं.

ताई?

टोपली. हो, टोपली तिथंच आहे. द्या, मी ठेवते तिला— बरं. तुम्हीच घ्या. घ्या. तशीच राहू द्या गुंडाळलेली. चूक आहे घडी, घरी गेल्यावर तुमच्या पद्धतीनं घाला. थांबा, एक मिनिट, हा पण न्या, या पिशवीत आहे, हिरव्या काठाचा. मी धुतला नाही. किल्ली— खिळ्याची— हां. घेतलीत.

काहीतरी बोला ना, ताई. काहीही बोला. मला शिव्या द्या.

बरं. सावकाश उतरा, तिसरी पायरी हलते. उजव्या हातानं कठडा धरा. मी नाही येत खाली, इथंच उभी आहे. तुम्ही जा. उशीर होईल पुण्याला, सुप्याला ट्रॅफिक लागतो शनिवारी—

ऐकलंत?

ताई, ऐकलंत? हिचाच आहे ना? खालच्या दारापाशी गेलात म्हणून— बघा, माझ्या हातात काही नाही, बघा, दोन्ही हात मोकळे आहेत— नाही, टोपलीवर ओढणी नका टाकू, गप्प नका करू तिला.

ओरडू द्या.